अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

आमच्या चाळीत कुणाचं काही अडलं की तो माणूस थेट देवाकडे जात नाही. आधी दशरथभाऊंकडे जातो, मग दशरथभाऊ देवाकडे जातात. ही पद्धत त्यांची, मालवणी लोकांची. माझी नाही, मी कऱ्हाडची. लग्न करून घाटकोपरच्या ह्या डोंगरावर आले तेव्हा बघते तर आख्खी चाळ कोकणातली. आमच्याकडे नवस बोलायचा तर ज्याचा त्यानं, मनातल्या मनात, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. इथे सगळं जाहीर. नारळ ठेवायचा, सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं आणि एकानं खड्या आवाजात देवाला सांगायचं, की बाबा रे, ह्या तुझ्या लेकराचं असं असं झालंय, तू बघ. ह्याला म्हणतात गाऱ्हाणं घालणं. तो एकेक वाक्य बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." म्हणजे आम्ही सगळे साक्षीला आहोत, ह्याचं मागणं तेच आमचं मागणं.

आणि ज्याचं गाऱ्हाणं असतं ना, त्यानं तोंड उघडायचं नसतं. हात जोडायचे, मान खाली घालायची, बस. आपलं दुःख आपण बोललं तर ते देवाला रडगाणं वाटतं, दुसऱ्यानं बोललं तर गाऱ्हाणं होतं, असं दशरथभाऊंचं म्हणणं. मी हसायचे. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायचे तेव्हा मी हात जोडून गप्प उभी. दशरथभाऊंची बायको वनमाला मला कोपरानं ढोसायची, "म्हण गो रुक्मिणी, तोंड झिजता काय तुजा?" मी म्हणायचे, "तुमच्या देवाला माझी भाषा नाही कळायची." मी तोंडाळच आहे. चाळ मला भिते. भिऊ दे.

दशरथ लहू घाडीगावकर. बाप लालबागला गिरणीत होता आणि तिथल्या चाळीत गाऱ्हाणं घालायचा. गिरणी गेली, बाप गेला, आवाज मात्र पोराकडे आला. दशरथभाऊ विक्रोळीला एका कारखान्यात फिटर होते. तोही बंद पडला, तशी मुलुंडच्या एका टॉवरमध्ये लिफ्टमन म्हणून लागले. दिवसभर लिफ्टमध्ये स्टुलावर बसायचं, वर जायचं, खाली यायचं. "कितवा मजला?" ह्यापलीकडे दिवसभरात शब्द नाही. तोच माणूस गणपतीसमोर उभा राहिला की खालच्या रिक्षास्टँडपर्यंत ऐकू जायचा. कुणाच्या पोराची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचा मूतखडा, सगळं त्यांच्या तोंडून देवाकडे गेलेलं आहे. माझा नवरा हॉस्पिटलात होता तेव्हा मी न सांगता त्यांनी त्याचंही घातलं होतं. नवरा वाचला नाही, ते जाऊ दे. पण कुणीतरी त्याचं नाव घेऊन मोठ्यानं मागितलं, हे मी विसरले नाही.

त्यांची खोली आणि माझी खोली ह्यांच्यामध्ये पत्र्याची भिंत. पहाटे पाणी आलं की दशरथभाऊ पाइप लावायला उठायचे आणि उठल्या उठल्या खोकायचे. साधा खोकला नव्हे, घसा खाकरून असा काही की डोंगर जागा व्हावा. मी गजर कधी लावलाच नाही. भाऊ खोकले की उठायचं, पिंप भरायचं, मग ब्लाऊज शिवायला मशीनवर बसायचं.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या चाळीचा गणपती माघी असतो, कारण भाद्रपदात अर्धी चाळ गावाला पळते. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती उचलायच्या आधी गाऱ्हाणं. सगळे उभे, टेम्पो खाली उभा. दशरथभाऊंनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा," सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि पुढे काही नाही. तोंड उघडं, शब्द नाही. सगळे वाट बघतायत. मला वाटलं ठसका लागला. ते नुसते मूर्तीकडे बघत राहिले आणि मग गर्दीतून वाट काढत खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मंडळाचा सेक्रेटरी राजेश, त्यानं कसंबसं उरकलं.

तिथून माणूस उतरणीला लागला. झोप नाही. जेवायला बसवलं तर भात चिवडत बसायचे. लिफ्टची नोकरी सोडली. कुणी विचारलं, "काय झालं भाऊ?" तर म्हणायचे, "काय नाय." आणि खरंच काही झालं नव्हतं हो. कुणी मेलं नाही, कुणी फसवलं नाही, मुलगी नमिता लग्न होऊन बोरिवलीला सुखात. काही झालं असतं तर बरं, लोकांना सांगता तरी आलं असतं. वनमाला गावाला जाऊन देवीचा कौल घेऊन आली. कौल चांगला लागला. म्हणजे बाहेरचं काही नाही. झालं, लोकांनी ठरवून टाकलं की भाऊ नाटकं करतात. घरी बसून खायचंय. मी दोघातिघांची तोंडं बंद केली, पण किती जणांची करणार.

एके दिवशी वनमाला माझ्याकडे आली आणि मशीनच्या बाजूला खाली बसली. म्हणाली, "रुक्मिणी, हे सकाळी गच्चीवर जातत आणि कठड्याक टेकान उभे रवतत. काय बघतत ता माका कळणा नाय." माझा पाय मशीनवरून सुटला. मी म्हटलं, "वने, हे देवाचं काम नाही. हे डॉक्टरचं काम आहे, आणि आजच्या आज."

स्टेशनजवळ एक काउन्सेलर बसतात, त्यांचा भाव तासाला पंधराशे. वनमाला म्हणाली, "पंधराशे देवचे आणि बोलूचा पण ह्येंनीच?" तिचंही खरं. मग माझ्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं की आपल्या बाजूच्या सरकारी हॉस्पिटलात मनाची ओपीडी आहे, केसपेपरचे पैसे तेवढे, गोळ्या तिथेच मिळतात आणि मंगळवारी बोलायला मॅडमही असतात. आम्ही दोघींनी मिळून भाऊंना नेलं. ते आले मुकाट्यानं. कशालाच नाही म्हणायचे नाहीत, हेच तर भ्या वाटण्यासारखं होतं.

हॉस्पिटलचं नाव कशाला घेऊ. सगळी सारखीच. बाहेर बाकं, बाकांवर माणसं, उरलेली भिंतीला टेकून. मोठे डॉक्टर भले होते, पण त्यांच्यामागे एवढी रांग की मान वर करायला फुरसत नाही. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "गोळ्यांनी झोप येईल. पण ह्यांना बोलायला लागेल. निधी मॅडमकडे पाठवतो."

निधी मॅडम म्हणजे लहानशी पोरगी, माझ्या भाचीएवढी. करारावरची नोकरी. बसायला स्वतंत्र खोलीसुद्धा नाही, मोठ्या खोलीत कपाट आडवं लावून केलेला कोपरा. तिनं दशरथभाऊंना खुर्ची दिली आणि विचारलं, "काका, तुम्हाला काय त्रास होतोय?"

दशरथभाऊंनी हात जोडले आणि वनमालाकडे पाहिलं. वनमाला उठून उभी राहिली. पदर नीट केला आणि लागली सांगायला, "मॅडम, ह्येंका झोप नाय, अन्न गोड लागणा नाय, माणसात बसाक होया नाय..." प्रत्येक वाक्याला दशरथभाऊ मान खाली घालून पुटपुटत होते, "व्हय." ती बिचारी पोरगी एकदा हिच्याकडे बघते, एकदा त्यांच्याकडे. तिला वाटलं असणार, बायको नवऱ्याला तोंड उघडू देत नाही. मला तिथेच उलगडायला हवं होतं, पण मीही तेव्हा कोपऱ्यात उभी राहून 'चला, सांगून तर झालं' म्हणत होते.

पुढल्या मंगळवारी मॅडमनी वनमालाला बाहेर बसवलं आणि काकांना एकट्याला आत घेतलं. आम्ही दोघी बाहेर देव पाण्यात घालून बसलो. बऱ्याच वेळानं मॅडम बाहेर आली. चेहरा गोंधळलेला. मला म्हणाली, "मावशी, काका बोलतात छान. पण बाहेर बाकावर त्या शांताबाई बसल्यायत ना, त्यांच्या मुलाबद्दल बोलले. मग वॉचमनच्या गुडघ्यांबद्दल. त्याला ओळखीनं लवकर नंबर लागेल का विचारत होते. स्वतःबद्दल एक शब्द नाही. मी विचारलं की हात जोडून गप्प बसतात."

आता मला हसावं की रडावं कळेना. मी तिला सांगितलं, बाई, हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी घालत आलाय. ह्यांच्यात आपलं गाऱ्हाणं आपण घालायचं नसतं, दुसरा घालतो. तो दुसरा म्हणजे हाच. मग ह्याचं कोण घालणार? वनमाला मध्येच म्हणाली, "मी घातलंय की तुमच्याकडे, मागच्या खेपेक." मॅडम तिच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "कसं घालतात ते, मला नीट सांगा." मी सांगितलं. तोंडावर एखादी म्हणाली असती, असलं काही चालत नाही इथे. ही तशी नव्हती. चांगली होती पोरगी. म्हणून तर जास्त राग येतो.

तिसऱ्या मंगळवारी तिनं आम्हा तिघांनाही आत बोलावलं. दशरथभाऊंना म्हणाली, "काका, माझ्याकडे एक माणूस येतो. त्याला स्वतःचं बोलता येत नाही. त्याचं गाऱ्हाणं तुम्ही घालाल का?"

भाऊ म्हणाले, "घालतंय की. नाव काय तेचा?"

"दशरथ लहू घाडीगावकर."

खोलीत कपाटापलीकडे कुणीतरी स्टेपलर मारत होतं. दशरथभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मला वाटलं आता उठून जातात. पण उठले ते उभे राहायला. चपला काढून बाजूला ठेवल्या. तिथे देव नाही, नारळ नाही, एक कॅलेंडर आणि पंखा. त्यांनी पंख्याकडे बघून डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वनमाला म्हणाली. मॅडमही म्हणाली, चुकतमाकत. मी गप्पच. सवय.

"हो जो तुझो दशरथ आसा, तेका झोप येणा नाय."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या छातीर धोंडो ठेवल्यासारख्या वाटता. तो वर जाता, खाली येता, वर जाता, खाली येता, आणि खयच पोचणा नाय."

"व्हय म्हाराजा."

"तेणा सगळ्यांचा मागला. सगळ्यांक काय ना काय गावला. तो घराक इलो तेवा तेच्या हातात काय नव्हता." आवाज आता हळूहळू मोठा होत होता, तोच जुना आवाज. वनमालाच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तरी ती वेळेवर 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. "तो गच्चीर जाता म्हाराजा. थयसून खाली बगता. आणि तेका वाटता..."

दारावर थाप पडली. सिस्टरनं डोकं आत घातलं, "मॅडम, बाहेर लोक ओरडतायत, अजून बरेच नंबर आहेत." दशरथभाऊंचे डोळे उघडले. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली, पण ते पुढे बोलले नाहीत. मग ती म्हणाली, "काका, आज फार मोठं काम केलंत. पुढल्या मंगळवारी इथूनच पुढे सुरू करू. नक्की." गच्चीचं तिनं लक्षात घेतलं होतं. वनमालाला बाजूला घेऊन सांगितलं की गच्चीला कुलूप लावा, ह्यांना एकटं सोडू नका, आणि मोठ्या डॉक्टरांकडून गोळ्याही बदलून आणल्या. तिच्या हातात होतं तेवढं तिनं केलं.

बाहेर पडताना भाऊ मला म्हणाले, "वैनी, गाऱ्हाणा अर्धा रवला. अर्धा ठेवूचा नसता."

मी म्हटलं, "मंगळवार काय दूर आहे का? आठ दिवसांत देव कुठे पळून जात नाही."

देव नाही पळाला. मॅडम गेली. पुढल्या मंगळवारी कपाटाच्या कोपऱ्यात खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवलेली. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "त्यांचा करार संपला. नवीन ऑर्डर निघाली नाही." मी विचारलं, "मग आता कोण?" "पोस्ट रिकामी आहे." "कधी भरणार?" "मला काय माहीत मावशी, मी काय साहेब आहे?" मी त्याला जे बोलायचं ते बोलले, पण त्याच्यावर तरी काय राग काढायचा, तोही करारावरचाच निघाला. ती पोरगी जाताना एक निरोप ठेवून गेली होती सिस्टरकडे, की काकांना सांगा, माझी चूक नाही, मला वाईट वाटतं. दशरथभाऊंनी ऐकून घेतलं. मान हलवली. गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

नंतर दर मंगळवारी जायचो, कोपऱ्यात उलटी खुर्ची बघायची आणि गोळ्या घेऊन परतायचं. डॉक्टरांनी सरकारचा एक फोन नंबर दिला, दिवसरात्र कधीही बोलता येतं म्हणाले. वनमालानं लावून दिला. पलीकडची बाई गोड बोलत होती, मराठीत. भाऊंनी 'हॅलो' म्हटलं आणि फोन वनमालाच्या हातात दिला. माणूस समोर उभा राहिल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही, त्याला त्या बाईचा काय इलाज.

आणि मग माघी आली. गणपती बसला त्याच दिवशी दशरथभाऊ स्वतःहून राजेशकडे गेले आणि म्हणाले, "औंदा गाऱ्हाणा मी घालतलंय."

चाळीत आनंदीआनंद. भाऊ बरे झाले! पोरं त्यांना चिडवायला लागली, "काका, यंदा माइक नको ना?" तेही हसले. वनमालानं कितीतरी महिन्यांनी आंबोळ्या केल्या, माझ्याकडे ताट भरून आणल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "गोळयो लागू पडल्यो गो," म्हणाली. मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू, मीही त्यांच्यात होते.

विसर्जनाच्या दिवशी सगळी चाळ गॅलरीत आणि जिन्यात. दशरथभाऊंनी धुतलेला सदरा घातलेला, दाढी केलेली. नारळ ठेवला. आणि आवाज काय लागला म्हणून सांगू. वर्षभर कुठे दडवला होता कोण जाणे.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चाळीतल्या पोराबाळांनी तुझी मोडकीतोडकी सेवा केली, ती गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

राजेशच्या आईचे गुडघे आले, दहावीची पोरं आली, बिल्डरचा रखडलेला कागद आला, वरच्या सपनाचं तीन वर्षं न जमणारं लग्न आलं. लोक हसत होते, रंगात आले होते. एकेका वाक्याला चाळ हलत होती. मालवणी गाऱ्हाण्याला एक ओघ असतो, एकदा लागला की ऐकणारा शब्द ऐकत नाही, सूर ऐकतो. सूर पडला की आपलं 'व्हय म्हाराजा' आपोआप बाहेर येतं.

त्याच सुरात, जराही आवाज न बदलता, दशरथभाऊ म्हणाले, "आणि हो जो तुझो दशरथ लहू घाडीगावकर, तेचा गाऱ्हाणा अर्धा रवला हा."

"व्हय म्हाराजा!"

"तेचा आता हयसर काय एक काम उरला नाय."

"व्हय म्हाराजा!"

"तो दमलो आसा. तेका आता सोडव. तुझ्यावांगडा घेवन जा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आख्खी चाळ म्हणाली. पोरं, म्हातारे, राजेश, सपना. वनमाला म्हणाली, डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांत मोठ्यानं. माझ्या कानात अजून आहे तो आवाज.

दशरथभाऊ वाकून नमस्कार करायला लागले. ढोलवाल्यांनी ढोल गळ्यात घातले. कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी गर्दीत हात हलवत राहिले, अहो थांबा, काय म्हणालात कळलं का, पण गलक्यात कुणी वळून पाहिलं नाही. तेवढ्यात वनमालानं डोळे उघडले. तिच्या तोंडावर आधी हसू होतं. मग ते राहिलं नाही. आपण आत्ता कशाला हो म्हटलं, हे तिच्या डोक्यात उतरताना मी डोळ्यांनी पाहिलं. देवा, असं कुणाला बघायला लागू नये.

ती पुढे गेली. ढोलवाल्याच्या हातातली काठी धरली. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, त्यांच्यात तशी रीत नाही. ती मूर्तीसमोर उभी राहिली, पदर खांद्यावरून घेतला आणि म्हणाली, "बा देवा म्हाराजा."

कुणी काही बोललं नाही.

"आत्ता ह्येंनी जा काय सांगल्यानी, ता धरू नको. आमी 'व्हय' म्हटला, ता पण धरू नको. आमका कळाक नाय."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. दशरथभाऊ तिच्याकडे बघत होते, रागानं नाही, आपण उचललेलं काहीतरी कुणी परत खाली ठेवतंय अशा नजरेनं.

"तेका न्हेव नको," वनमाला म्हणाली. "तो माका होयो आसा."

कुणाचा आवाज निघाला नाही. लाज म्हणा, रीत म्हणा, भीती म्हणा. नवऱ्यानं घातलेलं गाऱ्हाणं बायकोनं मोडायचं, त्याला साक्ष कोण राहणार? राजेश हळूच म्हणाला, "वैनी, टेम्पोवाला थांबलाय." ती तशीच उभी, हात जोडून, वाट बघत. गाऱ्हाण्याला उत्तर मिळेपर्यंत हात सोडायचे नसतात.

मग मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

जन्मात पहिल्यांदा म्हटलं. माझा कऱ्हाडी उच्चार, फाटका आवाज, एकटीचा. मागून कुणी साथ दिली नाही. मग ढोल वाजला, मूर्ती उचलली आणि गणपती खाली कृत्रिम तलावावर गेला. दशरथभाऊ मिरवणुकीत गेले नाहीत. खोलीत गेले आणि शांत झोपले. वर्षभरात इतके शांत झोपले नव्हते, वनमाला म्हणाली, आणि तेच तिला सोसेना.

दुसऱ्याच दिवशी आम्ही हॉस्पिटलात. मंगळवार नव्हता, पण मी खिडकीशी असा काही दंगा केला की सिस्टरनं आत सोडलं. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, भाऊंना बराच वेळ तपासलं, भरती करायचं म्हणाले. भाऊ आठवडाभर वॉर्डात राहिले. तिथेही शेजारच्या खाटेवरच्या माणसाची गोळी चुकली तर सिस्टरला हाक मारायचे. पोस्ट भरली का, मी रोज विचारायचे. मुलाखती झाल्यात, ऑर्डर निघायचीय. हेच उत्तर.

घरी सोडलं त्या दिवशी आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो होतो. वनमाला गोळ्या आणायला गेली. दशरथभाऊ म्हणाले, "वैनी, तेवा तुमीच म्हटलात ना? व्हय?"

"मीच."

"तुमी तर कधी म्हणणास नाय."

"नाही म्हणत. त्या दिवशी म्हटलं."

त्यांनी मान हलवली. मग मला समजावून सांगावं तसं, अगदी मायेनं म्हणाले, "पण एकट्याच्या व्हयान पोचणा नाय हो ता. तकडे आख्खी चाळ हुती."

मी आयुष्यात कुणाला उत्तर द्यायची राहिले नाही. मी म्हटलं, "नाही पोचत तर रोज म्हणेन. पोचेपर्यंत म्हणेन. बघू देव किती बहिरा आहे तो." ते किंचित हसले, मी लहान पोर असल्यासारखे.

मग चाळीत मी दारोदार गेले. म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला हो म्हटलंय, आता सगळ्यांनी मिळून ते मागे घ्या. दारात उभे राहून मान खाली घातली लोकांनी. गणपती गेला, म्हणाले. आता कुणापुढे म्हणायचं? पुढल्या माघीला बघू. पुढली माघी! दोनचार बायका आल्या, वनमालाच्या दारात उभ्या राहिल्या, पुटपुटल्या आणि गेल्या. भाऊंचा त्यावर विश्वास बसला असं मला वाटत नाही.

गच्चीला कुलूप आहे, किल्ली माझ्या मंगळसूत्राच्या जागी दोऱ्यात बांधलेली. गोळ्या वनमाला स्वतः देते. मंगळवारी जातो. खुर्ची उलटीच आहे.

पहाटे मी आता भाऊंच्या खोकल्याआधीच जागी असते. पत्र्याला पाठ लावून अंथरुणात बसते. पलीकडे पाणी आलं की ते उठतात, खोकतात, पाइप ओढतात. तो खोकला ऐकला की मी हात जोडते आणि हळू म्हणते, "व्हय म्हाराजा." मगच पिंप भरायला उठते. काल म्हटलं, परवा म्हटलं.

आज अजून म्हटलेलं नाही. पलीकडून अजून काही आवाज नाही. पण पाणीही यायचंय अजून.